मानकात ‘आपण’ नाही

माझं नाव शीतल मगदूम, आणि मी पुरुष आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या सांगलीकडच्या जैनांत शीतलनाथ तीर्थंकरांवरून मुलाचं नाव शीतल ठेवतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की मी बाई होतो. बँक, विमा, विमानाचं तिकीट, सगळीकडे ‘श्रीमती शीतल’. पूर्वी मी दुरुस्तीचे अर्ज करायचो. आता पन्नाशी उलटली, उत्साह संपला. फोनवर कुणी ‘मॅडम आहेत का’ विचारलं, तर ‘बोलतोय’ म्हणतो आणि समोरच्याला गोंधळू देतो.

तर वाचासंच नियामक मंडळाचा निरोप आला, तोही ‘आदरणीय शीतल मॅडम’ यांनाच. दिवाळीच्या आत सगळे वाचासंच मानक टॅगसंग्रहावर न्यावेत, जुन्या खाजगी फ्रेमवर्कांची देखभाल त्यानंतर बंद होईल, असा त्याचा मजकूर होता. माझ्या घरात एक वाचासंच होता. म्हणजे माझ्या बायकोच्या डोक्यात होता.

मी गेली तीस वर्षं वेबपानं बनवून पोट भरतो, त्यामुळे हे पत्र मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही. तुम्हाला मात्र सांगतो. टॅग म्हणजे खूण. वेबपान लिहिताना कोनी कंसात एक शब्द लिहायचा. त्या शब्दामागे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड असतो, तो धावतो आणि पानावर यादी, तक्ता, काय हवं ते उमटवतो. अशा खुणांचा गठ्ठा म्हणजे टॅगसंग्रह, आणि त्यात दोन जाती. एक फ्रेमवर्कचा स्वतःचा. ज्या चौकटीत तुम्ही सगळं बांधलंय तिनंच दिलेला, हुशार, लाडावलेला, तिच्या अंगाला बरोब्बर बसणारा. दुसरा मानक. जगातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेला, जरा मठ्ठ, पण कुठंही न्या, चालतो. कुकरच्या रिंगेसारखं आहे हे. कंपनीची रिंग एकदम फिट्ट बसते, पण कंपनी बुडाली की कुकर माळ्यावर. बाजारातली साधी रिंग थोडी वाफ सोडते, पण भात शिजतो.

ऑफिसात नव्यांना मी कायम सांगत आलो, ‘मानकात भागत असेल तर मानकच वापरा बाबांनो, पुढं रडायला नको.’ तेव्हा टॅगांमागे याद्या आणि तक्ते होते. बायको नव्हती.

त्रिशला मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. बोलण्यात ती कुणाला हार गेली नाही. भाजीवाला तिच्याशी घासाघीस करायच्या भानगडीतच पडायचा नाही, आधीच कमी भाव सांगायचा. तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र जशीच्या तशी राहिली. ती नुसती बघत राहायची, आणि ते बघणं मला सोसायचं नाही.

मग मिरजेला तिच्या कवटीच्या आत, मेंदूवर, केसाहून बारीक तारांची जाळी बसवली. माणूस बोलायच्या आधी मेंदूत शब्द तयार नसतो, नुसता रोख असतो. कोण, कुणाला, काय, आणि रागानं की लाडानं. जाळी तो रोख पकडते. पण शब्दन् शब्द ओळखण्याइतकी ती तीक्ष्ण नाही, म्हणून ती खुणा लिहिते. ‘बोलणारी’, ‘ऐकणारा’, ‘चहा’, ‘हवा’. पुढं टॅगसंग्रह या खुणांचं वाक्य करतो आणि उशाशी ठेवलेली डबी ते बोलून दाखवते. डबीचा आवाज त्रिशलाचाच. शाळेतल्या तिच्या तासांची रेकॉर्डिंगं होती, त्यावरून घेतलेला.

आमच्या डबीत ‘मैना’ नावाचं फ्रेमवर्क होतं. पुण्यातल्या चार उत्साही माणसांनी खास मराठीसाठी बांधलेलं. काय टॅग होते त्यात! टोमण्याला वेगळा, लाडीगोडीला वेगळा. आमच्याकडचा ‘की’सुद्धा होता. ‘या की’, ‘बसा की’ म्हणतो ना आम्ही, तो. जाळी पहिल्यांदा चालू केली त्या दिवशी त्रिशलानं डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि डबी म्हणाली, “अहो, किती वाळलाय ओ. आपण जेवूया की.”

मी तिथंच, परक्या माणसांसमोर, हुंदके देऊन रडलो.

‘जेवूया’ने नाही रडलो. ‘आपण’ने रडलो. तिला आंघोळ घालायची, कूस बदलायची, आम्ही जैन रात्री जेवत नाही म्हणून दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा, मधल्या वेळात लोकांची वेबपानं दुरुस्त करायची. हे सगळं करताना माणूस फार एकटा पडतो हो. घरात दोघं असतात, पण करणारा एकटाच. त्यात ती म्हणायची, “आपण औषध घेऊया.” गोळी ती गिळायची, पण घ्यायचो दोघं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. एवढ्या एका शब्दावर मी तेव्हापासूनचे सगळे दिवस ढकलले होते.

मैना मध्येच एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली आणि पिंजऱ्यातच मारली.

पत्र घेऊन मी त्रिशलाला मिरजेला घेऊन गेलो. तिथं नर्गिस मुजावर म्हणून वाचा-उपचार करणाऱ्या बाई आहेत. त्यांनीच त्रिशलाला जाळीशी बोलायला शिकवलं होतं. फार शांत बाई, पण लपवाछपवी करत नाहीत.

“नियमात सूट आहे, मगदूम सर,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सही दिलीत तर घरात मैना चालू ठेवता येईल. पण जाळी हळूहळू सरकते, तिची जुळणी दर महिन्याला करावी लागते. मैनासाठी ती आता कुणी करणार नाही. वर्षभर चालेल, दोन वर्षं चालेल. मग मॅडम ‘चहा’ म्हणतील आणि डबी ‘चप्पल’ म्हणेल.”

“आणि तेव्हा मानकावर गेलो तर?”

“मेंदूला नवीन सवय लावावी लागते. आत्ता दोन महिन्यांत लागेल. वय वाढलं की लागेलच असं नाही. म्हणून म्हणते, ठरवायचं ते आत्ता ठरवा. आधी ऐकून तर बघा.”

त्यांनी त्रिशलाची जाळी तेवढ्यापुरती मानक खुणा लिहिण्यावर वळवली आणि दवाखान्यातल्या मानक पडद्याला जोडली. त्रिशलानं डोळे मिटले. मग आवाज आला. आवाज तिचाच, पण बोलणं रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेचं.

“कृपया लक्ष द्या. आम्ही चहा घेणार आहोत.”

मी इकडं-तिकडं बघितलं. “आम्ही म्हणजे कोण? ही आणि तुम्ही?”

नर्गिसबाई कसनुसं हसल्या. “मानकात ‘अहो’ नाही. हाक मारायला एकच टॅग आहे, त्याचं मराठी ‘कृपया लक्ष द्या’ केलंय. आणि बोलणारा अधिक इतर यालाही एकच टॅग आहे. त्याचं ‘आम्ही’ होतं.”

“आणि ‘आपण’?”

“मानकात ‘आपण’ नाही, सर. समितीत ज्यांच्या भाषेत दोन्हीला मिळून एकच शब्द आहे, अशी माणसं जास्त होती. तमिळवाल्यांनी कळवलंय, गुजरातीवाल्यांनी कळवलंय, आपणही कळवलंय. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणालेत.”

“पुढची आवृत्ती कधी?”

“तुम्ही या धंद्यातले. तुम्हीच सांगा.”

पुढच्या आवृत्तीची वाट बघत माझे केस पांढरे झाले होते. “मी माझा एक टॅग लिहून जोडला तर?” मी विचारलं, आणि उत्तर मलाच ठाऊक होतं. मानकाबाहेरचा टॅग तपासणीत गळून पडतो. मानक म्हणजे तेच.

परत येताना गाडीत मी म्हणालो, “सही देऊन टाकतो. मैनाच राहू दे.” त्रिशला खिडकीबाहेर बघत होती. डबी काही बोलली नाही. मला वाटलं दमली असेल.

आमची प्राची जर्मनीत शिकते. तिला फोनवर सांगितलं तर ती उसळलीच.

“पप्पा, एका शब्दासाठी?”

“तो एक शब्द नाहीये.”

“मग काय आहे? मानकावर आली तर आई मला स्वतः फोन लावू शकेल. तिकडून विचार केला की इकडं माझ्या फोनमध्ये बोलेल. आता काय होतं? तुम्ही डबीसमोर फोन धरता, मध्ये मध्ये तुम्हीच बोलता, तुमचा हात दुखला की ठेवता. मला आईशी बोलायचंय हो. तुमच्या हातातनं नाही.”

“तू इथं राहत नाहीस, प्राची. तुला काय माहीत मी कशावर दिवस काढतो ते!”

असं बोलायला नको होतं. पलीकडं ती रडायला लागली आणि मी ‘नंतर करतो’ म्हणून फोन ठेवला. नंतर केला नाही. भांडायला अंगात जोर लागतो, समजूत काढायला त्याहून जास्त लागतो, आणि माझ्याकडं दोन्हींपैकी काहीच शिल्लक नव्हतं.

दसऱ्यानंतर त्रिशलाला ताप भरला. दुपारी एकाएकी धाप लागली, ओठ निळसर दिसायला लागले. ॲम्ब्युलन्स बोलावली, तिच्याबरोबर मीही चढलो, आणि त्या धावपळीत उशाजवळची डबी घरीच राहिली. हे हॉस्पिटल मिरजेचं नव्हतं, पुलापलीकडचं, त्यातल्या त्यात जवळचं होतं. माणसं चांगली. त्यांनी तिला ऑक्सिजन लावला, हाताला सुई लावली आणि तिची जाळी त्यांच्या पडद्याला जोडली. पडदा मानकवाला.

पडदा कोरा राहिला.

ब्राउझरला टॅग ओळखू आला नाही, तर तो भांडत नाही. लाल अक्षरं नाहीत, घंटी नाही. गुपचूप गिळून टाकतो. त्रिशलाची जाळी मैनाच्या खुणा लिहीत होती आणि पडदा एकेक खूण गिळत होता. ती माझ्याकडं बघत होती. झटका आल्यानंतरचं ते बघणं, तेच.

“काही म्हणत नाहीयेत त्या,” नर्स म्हणाली. “बोलायचं नसेल त्यांना. पडू द्या.”

“डबी आणतो,” मी त्रिशलाच्या कानाशी म्हणालो आणि पळालो. तेवढ्यात पुलावर एक ट्रक आडवा झाला होता. रिक्षा सोडून चालत घरी गेलो, डबी घेऊन चालत परत आलो. दुपार त्यातच गेली.

डबी जोडली. पडद्यानं गिळल्या तरी जाळीत साठून राहिलेल्या खुणा एकामागून एक बाहेर आल्या, आणि माझी बायको तिच्या आवाजात, ओळीनं, सगळी दुपार बोलली.

“पाणी. पाणी द्या की. अहो, कुठंयत तुम्ही? सुई रुततीय ओ. हात सुजलाय, बघा की कुणीतरी. पाणी. अहो ताई, पाणी. मी झोपले नाही. मी बोलतेय. मी बोलतेय.”

नर्सनं चादर बाजूला केली. सुईपाशी हात टम्म फुगला होता. ती बिचारी रडकुंडीला आली. मी चमच्यानं पाणी पाजलं. घाईघाईत निम्मं उशीवर सांडलं.

चार-सहा दिवसांनी ताप उतरला आणि आम्ही घरी आलो. सकाळी मी तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. सहीचा विषय डोक्यातून जात नव्हता.

“त्रिशला, खरं सांगतो. तुझ्यासाठी नाही, मी माझ्यासाठी मैना ठेवायला निघालो होतो. तू ‘आपण’ म्हणतेस ना, ते गेलं तर मला चालणार नाही. मी फार थकलोय ग.”

तिनं डोळे मिटले. डबी बोलायला लागली तेव्हा टोमण्याचा टॅग आधी लागला, हे मला पहिल्याच शब्दाला कळलं.

“नर्गिसबाईंना विचारलंत. प्राचीशी भांडलात. माझ्या तोंडात काय राहावं, ते मला सोडून सगळ्या गावाला विचारून आलात की.”

मी तिची चादर उगाच सारखी केली.

“मला बाहेर पण बोलायचंय,” ती म्हणाली. “नर्सशी. प्राचीशी. भाजीवाल्याशी. नुसतं तुमच्याशी बोलून कसं भागेल ओ? उद्या तुम्ही कुठं गेलात, पडलात, आजारी पडलात, तर मी कुणाला सांगू? भिंतीला?”

“आणि ‘आपण’?”

तिनं डावा हात माझ्या हातावर ठेवला.

“तुम्हाला माहीत आहे की ते,” ती म्हणाली. “आता उशीर नको. आपण जाऊया मिरजेला.”

तिच्या तोंडचा तो शेवटचा ‘आपण’. नर्गिसबाईंनी त्याच दिवशी मैना काढली आणि मानक बसवलं. घरातल्या माणसांची नावं माझ्या फोनमधून आपोआप भरली गेली. मी कुठं काही तपासलं नाही. तपासण्याची ताकद नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. मेंदूला जुन्या खुणांची सवय. ती टोमणा मारायला जायची आणि डबी मुकी राहायची. ‘की’ म्हणायला जायची, काहीच यायचं नाही. ती चिडायची, डावा हात पलंगावर आपटायची. हळूहळू शब्द यायला लागले, पण कसे! “कृपया लक्ष द्या. उशी बदला.” “कृपया लक्ष द्या. पंखा बंद करा.” मी उशी बदलायचो, पंखा बंद करायचो. एखाद्या साहेबिणीच्या हाताखाली नोकरी केल्यासारखं वाटायचं. ‘आम्ही’ ती एकदाही म्हणाली नाही. तो टॅग ती वापरतच नव्हती. मला कळत होतं ती का टाळतेय, आणि त्यामुळं जास्तच वाईट वाटत होतं.

एक चांगलं झालं. एका दुपारी प्राचीचा फोन आला. “पप्पा! आईनं मला फोन लावला! स्वतः! मी वर्गात होते, तर माझ्या कानात म्हणते, ‘कृपया लक्ष द्या. प्राची. जेवलीस?’” पोरगी हसत होती का रडत होती, कळत नव्हतं. मी म्हणालो, “चांगलं झालं बाळा.” आणि खरंच चांगलं वाटलं. पण फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटाच उभा राहिलो.

दिवाळी झाली. दिवस लहान झाले, त्यामुळं आमची संध्याकाळच्या जेवणाची घाई वाढली. एके दिवशी भाकरी थापत होतो. आतून डबीचा आवाज आला.

“शीतल.”

मी तवा तसाच सोडून दारात आलो. पंचवीस वर्षांत या बाईनं मला नावानं हाक मारली नव्हती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही सगळ्यांनी अडवून धरलं म्हणून. त्यानंतर ‘अहो’, ‘ओ’, ‘ऐकलंत का’.

तिचे डोळे मिटलेले होते. कपाळाला आठ्या. गणित घालताना फळ्याकडं पाठ करून उभी राहायची, तसा चेहरा.

“शीतल,” डबी म्हणाली. थांबली. “मी.” परत थांबली. कपाळावर घाम आला होता तिच्या. “जेवण.”

मग मला कळलं ती काय करतेय. ‘आम्ही’चा टॅग तिला नको होता, कारण त्यात मी नव्हतो. म्हणून ती साध्या खुणा एकेक करून मांडत होती. एक मी, एक ती. समितीनं शब्द दिला नाही, तर ही बाई तो बेरीज करून बनवत होती. माझे डोळे भरून आले.

मानकानं तिन्ही खुणा गोळा केल्या, त्याच्या पद्धतीनं नावावरून माणूस ओळखला, आणि खणखणीत आवाजात वाक्य केलं.

“शीतल आणि मी, आम्ही दोघी जेवणार आहोत.”

त्रिशलानं खाडकन डोळे उघडले. आम्ही एकमेकांकडं बघितलं. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू आधी थरथरली, मग घशातून एक घोगरा आवाज निघाला. ती हसत होती. डबीतून नाही, स्वतःच्या गळ्यातून. तीन वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मीही हसायला लागलो, हसता हसता खाली बसलो, तिचा हात धरून रडलो, परत हसलो. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तेव्हा उठलो.

दुसऱ्या दिवशी प्राचीला सांगितलं. ती पोट धरून हसली, आणि मग शहाण्यासारखी म्हणाली, “पप्पा, नावापुढं लिंग भरायचं राहिलंय. मानकात सोय आहे त्याची. एका मिनिटाचं काम. मी इथनं करू?”

“मला माहीत आहे सोय,” मी म्हणालो. “हात लावू नकोस त्याला.”

“अहो, पण सारखी दोघी दोघी म्हणेल ना ती!”

“म्हणू दे.”

संध्याकाळी पिठलं झालं, भाकऱ्या झाल्या. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं होतं, आता उतरायला फार वेळ नव्हता. मी ताटं वाढत होतो.

“कृपया लक्ष द्या,” आतून त्रिशला म्हणाली. “शीतल. मी. दोघी. भूक.”

“आले, आले ग,” मी म्हणालो, आणि ताटं घेऊन आत गेलो.